‘घरबसल्या लिहिलंय’ म्हणणाऱ्या वाचकांसाठी

नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर असलेल्या लुक्लाच्या विमानप्रवासावरच्या माझ्या लेखाखाली ‘इंदिरानगरचा वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी मुद्दाम उडवलेली नाही. तक्रारी तीन. विमानतळाच्या नावात मी हिलरींना तेनझिंगांच्या आधी घातलं. सीझनमध्ये विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, हे लिहिलं नाही. आणि तिसरी त्यांच्याच शब्दांत: “धावपट्टीला चढ आहे म्हणून विमान लवकर थांबतं, त्यात घाबरायचं काय? लेखकाने घरबसल्या व्हिडिओ बघून लिहिलेलं दिसतंय.”

नावाचं मान्य. 2008 साली दिलेलं नाव तेनझिंग-हिलरी असंच आहे. केली दुरुस्ती.

पण ‘दिसतंय’ म्हणे! अहो, माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. मिग उडालं की क्वार्टरच्या काचा थरथरायच्या, त्या खोलीत बसून मी दहावीचा अभ्यास केलाय. विमानातलं मला कुणी शिकवायला नको.

आता चढ. पट्टी 527 मीटर, चढ जवळपास 12 टक्के. त्याने विमान थांबतं, हे लेखातही होतं. वाचण्याची तसदी घेतली असती तर सापडलं असतं. पण त्या चढापायीच उतरायचं एकाच दिशेने आणि उडायचं उलटं, उताराकडे. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दूधकोशीची दरी. एरवी वैमानिक वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, इथे ती मुभा नाही. ऊन चढलं की दरीतून वर येणारा वारा नेमका विमानाच्या शेपटीवर येतो, म्हणून सगळी घाई सकाळची. त्यात 2845 मीटरवर हवा विरळ. काट्यावर वेग नेहमीचाच दिसतो, पण जमिनीवरून विमान जास्त जोरात येत असतं. आणि शेवटच्या टप्प्यात बेत बदलून पुन्हा वर उचलायला जागा नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये धुक्यात एक ट्विन ऑटर पट्टीच्या अलीकडेच आदळलं. 18 जण गेले, एकटे कॅप्टन वाचले. याला धोका नाही म्हणायचं तर काय, गंमत?

मी ज्या डॉर्नियरमध्ये होतो, तिथे कॉकपिटचं दार उघडंच होतं. दोघा वैमानिकांच्या खांद्यांमधून पट्टी दिसत होती, पंचवटीतल्या एखाद्या बोळाएवढी. कानात घालायला दिलेला कापूस माझ्या मुठीत घामाने भिजला होता. हे व्हिडिओत दिसतं का, महाशय? त्याआधी डावीकडच्या खिडकीतून गौरीशंकर बघून हरखलेलाही मीच होतो. तेही लिहिलंय, पण त्यावर तुमचं एक अक्षर नाही.

राहिलं रामेछाप. मध्यरात्री काठमांडूहून जीपने निघून चार-पाच तास आदळत जावं लागतं, खरंय. पण तिकीट काढून देणारा ते सांगतोच. मी वेळापत्रक लिहायला बसलो नव्हतो.

बोर्डिंग पास जपून ठेवलाय. कॉलेज रोडला या, दाखवतो. आणि यापुढे टोपणनावाआडून असं काही आलं, तर मी ते छापणार नाही.