टेलव्हील विमान ‘ब्रेकनेच वळवायचं’? मुळीच नाही

टेलव्हील विमानांबद्दल, म्हणजे दोन मुख्य चाकं पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असलेल्या विमानांबद्दल, एक सल्ला सध्या बराच फिरतोय. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वेग नसतो, म्हणून रडर (पायांच्या पेडलांनी हलणारी शेपटीची उभी झडप) निकामी. विमान ब्रेकनेच वळवा, दोन्ही ब्रेक जरा दाबूनच ठेवा आणि स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) कायम पोटाशी धरा.

रडर निकामी कसं? विमान उभं असलं तरी प्रॉपेलरचा झोत त्यावर येतोच. शिवाय पायपर कब या छोट्या विमानात पेडलबरोबर स्प्रिंगांच्या जोडणीतून शेपटीचं चाकही वळतं. मूळ टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाला तर ब्रेकच नव्हते, शेपटीला चाकही नव्हतं, नुसता स्किड (जमिनीवर घासत जाणारा तुकडा). तरी त्यावर वैमानिकांच्या पिढ्या तयार झाल्या. पेडल पूर्ण दाबायचं, थ्रॉटल (इंजिनचा जोर वाढवणारा दांडा) क्षणभर उघडून लगेच मागे घ्यायचं. वेग वाढायच्या आत नाक फिरतं.

खरी गोम वळण थांबवण्यात आहे. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे सुरू झालेलं वळण आपसूक आवळत जातं. नाक हव्या त्या दिशेला पोचायच्या आधीच उलटं पेडल द्यावं लागतं. उशीर झाला, तर मात्र बाहेरच्या चाकाला ब्रेकचा हलका टेका. ब्रेकची जागा एवढीच.

‘पण स्पिटफायर?’ असं दुसऱ्या महायुद्धातल्या त्या लढाऊ विमानाबद्दल कुणी म्हणेलच. त्याचं शेपटीचं चाक मोकळं फिरणारं, म्हणून ब्रेक लागतोच, कबूल. पण ब्रेकचा खटका स्टिकच्या मुठीवर, आणि कोणत्या चाकाला जास्त ब्रेक लागणार हे ठरवतं रडर. म्हणजे सुरुवात पायांनीच!

ब्रेक दाबून ठेवले की ते तापतात, आणि ऐन वेळी धरत नाहीत. कबमध्ये ते टाचेखाली असतात. टाचा तिथेच रोवून पेडल मारून बघा, पाय किती अवघडतात ते कळेल.

स्टिकचं म्हणणं अर्धं खरं. वारा समोरून असेल तर पोटाशीच. मागून जोराचा असेल तर पुढे, नाहीतर तो, स्टिक मागे ओढल्याने वर उचललेल्या एलिव्हेटरखाली (शेपटीच्या आडव्या झडपेखाली) शिरून शेपूट उचलतो. मस्टँग या त्याच काळातल्या लढाऊ विमानात तर स्टिक मागे असताना शेपटीचं चाक रडरबरोबर दोन्ही बाजूंना जेमतेम ६ अंश वळतं. घट्ट वळायचं तर स्टिक पुढे करून ते मोकळं करावं लागतं.

आणि मागून वारा, स्टिक पोटाशी, वर जोराचा ब्रेक, असं तिन्ही जुळलं तर विमान नाकावर जातं. प्रॉपेलर जमिनीला लागला की इंजिनही उघडून तपासावं लागतं.