तेल आपल्याच समुद्रात आहे ना, मग काढा की!

पेट्रोलचे भाव चढायची चिन्हं दिसली की एक फॉरवर्ड हमखास येतो. बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र आपल्या दारात असताना आखातापुढे हात का पसरायचे? उत्पादन दुप्पट करा, विषय संपला!

दारात म्हणजे मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर, भर समुद्रात. नवी विहीर खणायला रिग, म्हणजे खोदकामाचा अवाढव्य सांगाडा लागतो. जॅक-अप रिग समुद्रतळावर पाय रोवून उभी असते. तिची जागा बदलायची तर पाय वर घ्या, टगने (ओढबोटीने) ओढत न्या, पुन्हा पाय रोवा. त्यासाठी समुद्र शांत हवा, म्हणजे जून ते सप्टेंबर जवळपास बाद. प्लॅटफॉर्म बसवणं, तळाशी पाइपलाइन टाकणं, सगळं उरलेल्या महिन्यांत कोंबायचं. मार्चला यायची बार्ज (कामाची सपाट तळाची बोट) मे महिन्यात उगवली, तर ते काम गेलं थेट दिवाळीच्या आसपास. दिल्लीहून कितीही आदेश निघोत, पाऊस त्यांची वाट बघत नाही.

मोसमाच्या टोकाला समुद्र काय करतो हे मे 2021 मध्ये तौक्ते वादळात दिसलं. कामगारांच्या मुक्कामाची पी-305 बार्ज नांगर तुटून भरकटली, प्लॅटफॉर्मवर आदळली आणि बुडाली. सत्तरहून जास्त माणसं गेली. ‘उत्पादन वाढवा’ म्हणताना ही माणसं कुणाच्या डोक्यातच नसतात, याचा मला खरंच राग येतो.

बरं, रिग आली, विहीर झाली, तरी तेल मिळेलच असं नाही. क्षेत्र जुनं आहे. घाईने उपसा केला तर तेलाऐवजी पाणीच जास्त वर येतं. मार्च 1985 मध्ये इथून रोज सुमारे 4.7 लाख बॅरल तेल निघायचं. एप्रिल 2024 पर्यंत ते 1.34 लाखांवर आलं. जानेवारी 2025 मध्ये हे क्षेत्र चालवणाऱ्या सरकारी ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं, तेही दहा वर्षांच्या करारावर. यंदाच्या भाववाढीला त्याचा काय उपयोग?

तातडीची सोय हवी असेल तर माझं मत साठ्याच्या बाजूने आहे. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांत मिळून सुमारे 53 लाख टन कच्चं तेल मावतं. ओडिशातल्या चंडीखोल आणि पादूर इथल्या आणखी साठ्यांना 2021 मध्ये मंजुरी मिळाली. ते काम कुठवर आलं, हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.