रेडिओ लागलाय, दिवे घालवा

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ दुरुस्त करणं तसं अवघड नसतं, असं मी म्हटलं की बायको खाकरते. पण खरंच, त्या लाकडी पेटीत बिघडायला असतं काय? चार-पाच व्हॉल्व्ह, एक ट्रान्सफॉर्मर, स्टेशन लावायची गँग, डायलची दोरी आणि वीज साठवणारे ढीगभर कंडेन्सर. साठ वर्षांत कागदी कंडेन्सर लीक होतात, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळून ठक्क होतात, रेझिस्टन्स स्वतःची किंमत विसरून वर चढतात. तेवढे बदलले, बँड स्विच साफ केला की सेट बहुतेक वेळा बोलायला लागतो. हल्लीच्या टीव्हीचं मागचं झाकण काढून बघा. एक हिरवी पाटी आणि तिच्यावर साखरेला मुंग्या लागाव्यात तसे भाग. तिथे आपण फार तर फुंकर मारू शकतो.

सामानासाठी मी पुण्यात तपकीर गल्ली गाठतो. '8 मायक्रोफॅरड, 450 व्होल्ट' म्हटलं की काउंटरमागचे गृहस्थ चष्म्यावरून बघतात. "आठचा आता कुठला? दहाचा न्या, चालतो." चालतोही. मग पुढचा प्रश्न येतो, "गिऱ्हाइकाचा सेट आहे का?" "नाही हो, छंद आहे." यावर ते न मागता पाच रुपये कमी करतात. व्यापारी माणूस आपणहून भाव उतरवतो, म्हणजे त्याला आपली किती दया आली असेल बघा.

कंडेन्सर मिळतात, मिळत नाही तो पिवळा बल्ब. बरीच वर्षं बंद असलेला सेट थेट मेनला लावायचा नसतो, मध्ये सिरीजमध्ये 100 वॅटचा फिलामेंटचा बल्ब घालायचा. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर भगभगीत पेटून राहतो, पण ट्रान्सफॉर्मर वाचतो. (आणि हो, प्लग काढल्यावरही कंडेन्सरात दोन-अडीचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. त्यांची ओळख करून घ्यायची हौस नको.) असा बल्ब अखेर एका किराणा दुकानात, वरच्या फळीवर, धुळीसकट मिळाला. मी तो पेटवून मोठ्या समाधानाने बघत बसलो, तर बायको म्हणाली, "रेडिओ दुरुस्त करताय की बल्ब?"

तर सेट दुरुस्त झाला. डायल उजळली, व्हॉल्व्ह हळूहळू तापले, गरम धुळीचा तो खास वास सुटला. काटा 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे आकाशवाणी पुण्यावर नेला आणि स्पीकरमधून आवाज आला, भर्रर्रर्र.

दोष सेटमध्ये नव्हता. हातात सेलवर चालणारा छोटा ट्रान्झिस्टर घेऊन मी घरभर हिंडलो. हॉलमधल्या एलईडी बल्बजवळ नेला की तो किंचाळे. मोबाइलच्या चार्जरपाशी गुरगुरे, राउटरच्या अडॅप्टरपाशी तक्रार करे आणि पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरपाशी तर दातखीळ बसल्यासारखा कडकडे. ही सगळी मंडळी आतल्या आत वीज सेकंदाला, कुणी शंभर वेळा तर कुणी हजारो वेळा, चालू-बंद करत असतात आणि त्याचा कचरा थेट मीडियम वेव्हवर, म्हणजे माझं स्टेशन लागतं तिथेच, टाकतात. हा रेडिओ नवा होता तेव्हा घरात दोन पिवळे दिवे असत, एक पंखा असे आणि भिंतीवर खोक्याएवढा रेग्युलेटर. रेडिओ ऐकायचा तर पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागत, पण ते भरल्यावर ऐकू तरी यायचं. आता लायसन्स लागत नाही, दिवे घालवावे लागतात.

बरं, मेन स्विच पाडावा म्हटलं, तर रेडिओही मेनवरच चालतो. इन्व्हर्टरवर लावावा, तर सगळ्यात मोठा खविस इन्व्हर्टरच. म्हणून एकेक बटण शोधून बंद करायचं. सकाळच्या बातम्यांआधी मी घरभर फिरतो. देवघरातल्या एलईडी समईवरून पहिला वाद होतो. राउटर बंद झाला की मुलगी आतून ओरडते, "बाबा, माझी मीटिंग चालू आहे!" पंखा तर बंदच. एप्रिल महिन्यात, पडदे ओढलेल्या हॉलमध्ये, घामाने निथळत मी कांद्याचे भाव ऐकतो. डोक्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली. तिच्यावर कुणीतरी मोजे वाळत घातलेले. मोज्यांनी रिसेप्शनला फरक पडत नाही, पण पाहुण्यांना पडतो.

"हेच सगळं फोनवर ऐकू येतं," मुलगी एकदा म्हणाली. "अ‍ॅप आहे आकाशवाणीचं. खरखर नाही, काही नाही." मी म्हटलं, फोनला गरम धुळीचा वास येतो का? तिने फोन खरोखर नाकाशी नेला आणि माझ्याकडे डॉक्टरांना फोन लावावा की काय अशा नजरेने पाहिलं.

एवढं करूनही एक बारीक चिरचिर राहिलीच. ट्रान्झिस्टरने माग काढत गॅलरीत गेलो, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंची दिव्यांची माळ. दिवाळीत लागलेली, रामनवमी झाली तरी चालू. मी खाली गेलो. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आतून मिक्सर आणला. "तुम्ही रेडिओ नीट करता ना? मग हा बघा. माळ मी काढते बातम्यांपुरती."

सौदा वाईट नव्हता. मिक्सरचे कार्बन ब्रश झिजून गेले होते. ते बदलले, ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर घासून पुसला आणि यंत्र असं सुरू झालं की काकूंनी तिथल्या तिथे मला वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली.

माळ आता सकाळी बंद असते. काकू शब्दाच्या पक्क्या आहेत. पण ब्रश नवे आहेत, बसेपर्यंत जरा जास्त ठिणग्या टाकतात आणि काकूंच्या घरी डबे सकाळीच भरतात. दुसऱ्या दिवशी निवेदकाने 'ठळक बातम्या' म्हणताच खालून मिक्सर सुरू झाला आणि पुढचं सगळं घर्रर्रमध्ये गेलं.

स्वयंपाकघरातल्या अंधारातून बायको म्हणाली, "अहो, मिक्सर मात्र छान केलात हं. रेडिओवर किती स्पष्ट येतोय!"