कोर्स ड्रॉप करायच्या आधी एड ऑफिसला विचारा

अमेरिकेत ज्यांची मुलं फेडरल एडवर, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीवर, कॉलेज करतायत त्यांच्यासाठी लिहितेय. म्हणजे सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाली मुलं, एच-४ वरच्यांना (एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) ही एड मिळत नाही.

आपलं सगळं लक्ष फॅफ्साकडे, म्हणजे या एडच्या अर्जाकडे असतं. फॉर्म भरला, पेल ग्रँट (परत न करायची मदत) आणि लोन मंजूर झालं की सुटलो. फॉर्म दरवर्षी भरायचा असतो हेही लक्षात राहतं. पण एड चालू ठेवायला सॅप नावाची एक अट असते, सॅटिस्फॅक्टरी अ‍ॅकॅडेमिक प्रोग्रेस, तिची घरात चर्चाच होत नाही. झालीच तर जीपीएची, म्हणजे ग्रेड्सच्या सरासरीची, ४ पैकी २ च्या वर आहे ना, मग झालं!

नाही झालं. मी पाहिलेली मुलं जीपीएवर नाही, पेसवर अडकली. पेस म्हणजे घेतलेल्या क्रेडिट्सपैकी (प्रत्येक विषयाला ठरलेले असतात) पूर्ण किती केले, आणि बहुतेक कॉलेजांत तो ६७ टक्के लागतो. हा आकडा येतो कुठून तर डिग्रीला लागतात त्याच्या दीडपट क्रेडिट्सपर्यंतच एड मिळते, १२० ची डिग्री असेल तर १८० पर्यंत, त्याचं गुणोत्तर काढलं की दोन तृतीयांश.

आता बघा, पहिल्या सेमिस्टरला १५ क्रेडिट घेतले, ४ ची केमिस्ट्री आणि ३ चं कॅल्क्युलस जड गेलं, मित्र म्हणाले डब्ल्यू घे, म्हणजे विषय मध्येच सोड (विथड्रॉ), जीपीएला काही होत नाही. ते खरंच आहे. पण १५ पैकी पूर्ण झाले ८, म्हणजे ५३ टक्के, आणि बाकी सगळ्यात ए असला तरी सॅपमध्ये पोरगं खाली गेलं. इन्कम्प्लीटचंही, म्हणजे काम अर्धवट राहिलेल्या विषयाचंही, तसंच. एड न घेता स्वतःच्या पैशाने केलेलं सेमिस्टरसुद्धा यात धरतात, हे तर फार कमी लोकांना माहितीये.

म्हणून डब्ल्यू घेऊच नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. एफ आला तर पेसही जातो आणि जीपीएही, त्यामुळे कधीकधी डब्ल्यूच बरा. पण त्याआधी एकदा एड ऑफिसला विचारा. अ‍ॅकॅडेमिक अ‍ॅडव्हायजर अभ्यासाचं बघतो, पैशाचा हिशोब तो करेलच असं नाही. आणि क्रेडिट ६ च्या खाली गेले तर फेडरल लोनही थांबतं.

अख्खं सेमिस्टरच सोडायची वेळ आली तर आणखी जपून. ६० टक्के सेमिस्टर होण्याआधी सोडलं तर जेवढे दिवस झाले तेवढीच एड तुमची, बाकीची परत जाते आणि कॉलेज ते बिल मुलाच्या नावावर लावू शकतं. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ही रेषा नवव्या आठवड्याच्या आसपास येते, एखादा आठवडा थांबणं शक्य असेल तर हजारो डॉलरचा फरक पडू शकतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. सॅपमध्ये खाली गेल्याची वॉर्निंगची मेल मुलाला येते, आईबाबांना नाही, प्रायव्हसीच्या कायद्यामुळे कॉलेज आपल्याला आपणहून फोन करत नाही. आणि आपल्या घरात मार्कांवरून इतकं बोललं जातं की मुलं गप्प बसतात. ओळखीतल्या एका मुलाने अशी मेल घरी दाखवलीच नाही, पुढच्या सेमिस्टरची फी भरायच्या वेळी एड बंद झाल्याचं कळलं. त्याला रागावून काय मिळणार होतं? घरी आधी बोलता आलं असतं तर वॉर्निंगच्या सेमिस्टरमध्ये, जेव्हा एड चालूच असते, त्याने १५ च्या १५ पूर्ण केले असते आणि वरच्या उदाहरणातले पहिले ८ धरले तर पेस ३० पैकी २३, जवळपास ७७ टक्क्यांवर आला असता.

आणि एड थांबलीच तरी अपील करता येतं. आजारपण, अपघात, घरातलं कुणी जाणं, अशी कारणं नियमातच धरलेली आहेत. पत्रात दोन गोष्टी लागतात, काय घडलं आणि आता काय बदललंय. दुसरी गोष्ट मुलं विसरतात, नुसतं सॉरी लिहून पाठवतात. डॉक्टरचं पत्र जोडा, ट्युटरिंग लावलं असेल तर ते लिहा, पुढच्या सेमिस्टरला किती क्रेडिट घेणार ते लिहा. आणि मुदत कॉलेजच्या साइटवर आजच बघून ठेवा.