बोलत्या अवजाराची निगा

रोममध्ये बिऱ्हाड थाटलंत, गाठीला चार पैसे आहेत, आणि घरात अजून एकही गुलाम नाही? शेजारीपाजारी काय बोलत असतील याचा विचार न केलेलाच बरा. उठा, बाजारात चला. डोळे मात्र उघडे ठेवा. गुलामांचे दलाल म्हणजे घोड्यांच्या दलालांचे सख्खे भाऊ.

ओट्यावर उभ्या केलेल्या माणसाचे आधी पाय बघा. पांढरे फासलेले असतील तर माल समुद्रापलीकडून नुकताच उतरलाय. डोक्यावर टोपी असेल तर मुकाट पुढे सरका. 'हमी नाही, मागाहून तक्रार चालणार नाही' असा त्या टोपीचा अर्थ. बाकीच्यांच्या गळ्यात पाटी असते. आजार, व्यंग, पळून जायची खोड, उगाच उंडारायची सवय, सगळं विक्रेत्यानं सांगायचं, असा बाजार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचा हुकूमच आहे. लपवलं असेल तर 6 महिन्यांच्या आत माल परत करून पैसे घ्या, वर्षाच्या आत असाल तर निदान किंमत तरी कमी करून घ्या. कपडे उतरवायला सांगताना लाजू नका. घोडा घेताना त्याच्या पाठीवरचं आपण काढायला लावतोच की! कायदेपंडितांचंही तेच म्हणणं. जीभ कापलेला गुलाम धडधाकट धरायचा का, असा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी जुना दाखला शोधला. तो निघाला घोड्याचा. जीभ नसलेला घोडा धडधाकट नव्हे. चला, मिटलं.

माल घरी आला की शेतीवर पुस्तक लिहिणाऱ्या व्हॅरोची वर्गवारी पाठ करा. इ.स.पू. 37 मध्ये त्यानं शेतीची अवजारं तीन प्रकारांत बसवली: गाडी मुकी, बैल अर्धबोलका, गुलाम बोलका. सगळा घोळ आहे तो या बोलण्यातच. एकाच मुलखाचे फार जण घेऊ नका, घरात भांडणं लागतात, असा व्हॅरोचा सल्ला. त्याच्याआधी शेतीवर लिहिणाऱ्या थोरल्या कातोचं बरोबर उलटं. गुलामांचं आपसांत फार गूळपीठ जमलेलं त्याला खपायचं नाही, म्हणून तो स्वतःच भांडणं लावून द्यायचा. दोघेही जाणते, दोघेही प्रतिष्ठित. तुमच्या स्वभावाला झेपेल ते करा.

शिध्याच्या बाबतीत मात्र कातोला तोड नाही. महिन्याचा गहू: राबणाऱ्याला हिवाळ्यात 4 मोडियस, उन्हाळ्यात साडेचार, मुकादम फक्त देखरेख करतो, त्याला 3 पुरे. (मोडियस म्हणजे आपले पावणेनऊ लिटर धरा.) साखळदंडात काम करणाऱ्यांना हाताने दळण-रांधण कुठलं जमायला? त्यांना तयार पाव, हिवाळ्यात दिवसाला 4 रोमन पौंड, म्हणजे सव्वा किलोच्या जरा वर. द्राक्षमळ्याची खणणी लागली की 5 पौंड. अंजिरं पिकली की पुन्हा 4. यातली खुबी कळली ना? अंजिरं झाडावर आहेत, झाड तुमचं आहे, तेवढा पाव वाचला. तोंडी लावायला गळून पडलेली ऑलिव्हं, ती संपली की खारवलेल्या माशांचा गाळ आणि शिरका.

आणि हो, दारू! तुम्ही काही राक्षस नाही. हिवाळ्यासाठी गुलामांची दारू अशी करा: रांजणात द्राक्षरस 10 मापं, कडक शिरका 2, आटवलेला रस 2, गोडं पाणी 50. काठीनं दिवसातून 3 वेळा, असं 5 दिवस ढवळा. मग साठवलेलं समुद्राचं पाणी, साधारण 35 लिटर. उन्हाळ्यात दिवस सर्वांत मोठा होतो तिथवर ही टिकते. त्यानंतर उरली तर उत्तम शिरका तयार, असं कातो कौतुकानं सांगतो. उरली तर का उरली, हे त्यानं सांगितलेलं नाही.

कपड्याचं सोपं आहे. साडेतीन फुटी सदरा आणि घोंगडं, वर्षाआड. नवा देताना जुना परत घ्यायला विसरू नका, त्याची गोधडी होते. आजारी पडला की शिधा कमी. म्हातारा झाला की म्हातारे बैल, मोडकी गाडी आणि जुनं लोखंड यांच्याबरोबर काढून टाका. शहरातली मंडळी पूर्वी दुखणाईत गुलाम तिबर नदीतल्या बेटावर, वैद्यदेवाच्या देवळापाशी सोडून यायची. बिनखर्चाची सोय होती. सम्राट क्लॉडियसनं तीही नासवली. टाकलेला बरा झाला तर स्वतंत्र, म्हणे!

बायकांकडेही हिशेबानं बघा. लग्न कायद्याला ठाऊक नाही, पण आई तुमची तर मूल तुमचं. 3 मुलगे झाले की आईला कामातून सूट, त्याहून जास्त झाले तर स्वातंत्र्यही, ही शेतीवरचाच आणखी एक लेखक कोलुमेला याची रीत. मुलगे कुठे जातात? ते तुमच्याच गोठ्यात.

आता मारहाण. इथे घाई नडते. वैद्य गेलनचे वडील मित्रांना बजावायचे, गुलामाच्या तोंडावर बुक्की मारू नका, दातांवर आपटून तुमचाच हात सुजतो. जरा थांबा, छडी नाहीतर चाबूक मागवा, मग शांतपणे हवे तितके फटके द्या. सम्राट हेड्रियननं एकदा रागाच्या भरात लेखणी गुलामाच्या डोळ्यात खुपसली. मागाहून वाईट वाटून म्हणाला, माग काय हवं ते. गुलाम गप्प. पुन्हा विचारल्यावर म्हणाला, डोळा तेवढा परत द्या. बघितलंत? बोलक्या अवजाराची कटकट ती हीच.

मोठी शिक्षा घरी कशाला? पुतेओली या बंदरात मयताचं सामान पुरवणारा ठेकेदार हेही काम घेतो. खांब, साखळ्या, दोर, फटके मारणारी माणसं, सगळं त्याच्याकडचं. क्रुसाचं आडवं लाकूड वाहणाऱ्याला, फटके मारणाऱ्याला आणि जल्लादालाही तुम्ही माणशी 4 सेस्टर्स (रोमन नाणी) मोजायचे.

एवढी काळजी घेऊनही रात्री झोप लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इ.स. 61 मध्ये नगरप्रमुख पेदानियस सेकुंदसला त्याच्याच गुलामानं मारलं. कायदा स्पष्ट होता: त्या छपराखालचे सगळे गुलाम दोषी. बायकापोरांसकट 400 जण मारायला नेले, तेव्हा रोमची साधी माणसं दगड आणि मशाली घेऊन रस्त्यावर उतरली, आणि सम्राट नीरोला वाटेवर दुतर्फा सैनिक उभे करावे लागले. गुलामांना वेगळा पेहराव द्यावा, असाही ठराव पूर्वी सिनेटमध्ये आला होता. तत्त्वज्ञ सेनेका लिहितो, तो बारगळला. एकमेकांकडे बघून त्यांनी आपली मोजदाद केली तर काय घ्या!

तेव्हा सगळ्यांना नको, पळपुट्यांपुरती खूण करा. लोखंडी कडं घ्या, त्याला बिल्ला लावा. झोनिनस नावाच्या धन्यानं घातलेलं एक कडं रोमच्या संग्रहालयात आजही आहे: 'मी पळालोय, मला धर. धनी झोनिनसकडे परत नेलंस की एक सॉलिडस मिळेल.' सॉलिडस म्हणजे सोन्याचं नाणं, तेव्हा इनामात कंजुषी नाही. मजकूर प्रथमपुरुषी आहे, तोही तसाच ठेवा. अवजार बोलतं आहे ना? बोलू द्या.