खुलासा: अख्खं एनएफएल यूट्यूबवर गेलेलं नाही

‘एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) यूट्यूबने घेतलं, आता टीव्हीवर फुकट काही दिसणार नाही’ हा मेसेज अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. यूट्यूबकडे 2023 पासून आहे ते ‘संडे तिकीट’ हे पैसे भरून घ्यायचं पॅकेज, म्हणजे रविवार दुपारचे, तुमच्या भागात टीव्हीवर न दाखवले जाणारे सामने. मुख्य हक्क एनएफएलनेच 2021 मध्ये जाहीर केलेल्या करारांनुसार सीबीएस, फॉक्स, एनबीसी, ईएसपीएन-एबीसी या टीव्ही चॅनलांकडे आणि ॲमेझॉनकडे आहेत. डॅलसमध्ये राहून सॅन फ्रान्सिस्कोचा संघ फोर्टीनायनर्स बघायचा असेल तर संडे तिकीट घ्या. डॅलसच्याच काउबॉइज संघाच्या सामन्यांना बहुतेक वेळा साधा अँटेना पुरतो. उलट स्थानिक चॅनलवरचा सामना तिकिटात दिसतच नाही, आणि नेमके तिथेच लोक पैसे घालवून बसतात. ॲमेझॉनचा गुरुवारचा सामनाही दोन्ही संघांच्या शहरांत साध्या चॅनलवर लागतो. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.