आधी एक शो तरी नीट चालू द्या

लेखात म्हटलंय की व्हिडिओ नेटवर्क (एकाच नावाखाली बरेच ऑनलाइन शो) काढायचं तर पहिल्या दिवसापासून सात-आठ शो पाहिजेत, नाहीतर ते नेटवर्क वाटत नाही. अजिबात पटलं नाही बुवा. आम्ही तिघांनी नेमकं हेच केलं होतं, सहा शो एकदम सुरू केले आणि एडिटर एकच, बिचाऱ्याच्या टेबलावर अकरा हार्डडिस्क, कशात काय आहे ते चिकटपट्टीवर लिहिलेलं आणि ती पट्टीही सुटून पडायची. शेवटी चार शो गुंडाळले. मग निवांत रिटेन्शनचा ग्राफ (व्हिडिओच्या कुठल्या सेकंदाला किती प्रेक्षक टिकलेत ते दाखवणारा) उघडला तर पहिल्या वीस सेकंदांतच निम्मी पब्लिक गायब, कारण तेवढा वेळ नुसता आमचा लोगोच फिरत होता (हौसेने बनवलेला, काय सांगू!). तो उडवला, थेट मुद्द्यावर आलो, तेव्हा कुठे लोक टिकायला लागले.

आणि पैसा ओतला की प्रेक्षक येतात हेही खरं नाही. मोबाइलवर छोटे छोटे शो दाखवणाऱ्या क्विबी या अमेरिकन अ‍ॅपकडे पावणेदोन अब्ज डॉलर होते, एप्रिल २०२० ला सुरू झालं आणि डिसेंबरात बंद पण झालं.

लेखात एक गोष्ट राहिलीच, सगळं दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं असेल तर नियम त्याचे. यूट्यूबने २०१८ मध्ये १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास वॉच टाइम (लोकांनी व्हिडिओ पाहिलेला एकूण वेळ) अशी अट घातली तेव्हा कितीतरी छोट्या चॅनेलांची जाहिरातीची कमाई एका फटक्यात थांबली. म्हणून प्रेक्षकांपर्यंत थेट पोचता यावं यासाठी आम्ही त्यांची ईमेल लिस्ट पहिल्यापासून जमवली, ते एक काम मात्र बरोबर जमलं.